भुरीचा कान

प्रिय ठमे,

आधी खुर्चीत नीट बैस, मग वाच. पत्र उभ्या उभ्या वाचायचं आणि शेवट आधी बघून घ्यायचा, ही तुझी खोड मला चौथीपासून ठाऊक आहे. या पत्राचा शेवट आधी बघायचा नाही. एवढं एक माझं ऐक.

इकडे सगळे मजेत. आमचे हे वजन कमी करायचं म्हणून पहाटे फिरायला जातात आणि येताना बेकरीतून गरम पाव घेऊन येतात. लेक हॉस्टेलवरून फोन करते तो माझ्यासाठी नसतो, घरातल्या एका नव्या प्राण्यासाठी असतो. त्या प्राण्याबद्दल नंतर लिहीन. आधी सफाईच्या मावशींचं सांगते. परवा सकाळी त्या झाडू टेकवून दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं, चहाला आल्या असतील. तर म्हणाल्या, "ताई, थंडी सरली की. या थंडीत एक मेलेलं पिल्लू नाही उचललं मी." आणि पदराने डोळे पुसत हसायलाच लागल्या. ठमे, मीही त्यांच्यासोबत रडत-हसत दारातच बसले. गटाराच्या कडेला, उभ्या गाड्यांच्या खाली, दर थंडीत सकाळी काय सापडायचं आणि ते कुणाला उचलावं लागायचं, हे तुला सांगायला नकोच. यंदा नाही. आपल्या आख्ख्या वस्तीत एक नाही.

मला ती बंद पडलेली सायकल-दुरुस्तीची शेड आठवली. शाळेची दोन जुनी बाकं जोडून तू कुत्र्यांच्या नसबंदीच्या ऑपरेशनचं टेबल केलं होतंस. मी गरम पाण्याच्या पिशव्या भरून भूल उतरणाऱ्या कुत्र्यांच्या कुशीला लावत बसायचे आणि तू मान वर न करता म्हणायचीस, "बडबडे, तू बोलत राहा, तुझ्या आवाजाने झोपतात ती." पोटाचे टाके घालून झाले की भुलीतच डाव्या कानाचं टोक सरळ कापायचीस. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. तू समजवायचीस की पोट कुणाला दिसत नाही, कान लांबून दिसतो. कान कापलेला दिसला की त्या जनावराला पुन्हा पकडायचं नाही, भूल द्यायची नाही. ते आपल्याला इतकं पाठ झालं होतं की रस्त्यातल्या कुत्र्याचं तोंड बघायच्या आधी मी कान बघायचे. यांना म्हणे माझी काळजी वाटायची, माणसांचेही कान बघेन म्हणून.

आणि या पाठांतरातच आपण फसलो. ती बेकरीमागची भुरी. डाव्या कानाचं टोक नाही, आणि वर्षाला दोन-दोनदा पिल्लं! वस्तीच्या सभेत बेकरीवाले उठून ओरडले होते ते अजून माझ्या कानात आहे: "ऑपरेशन केलेली कुत्री पिल्लं घालते म्हणजे काय? नुसती कात्री चालवायची नि सोडून द्यायचं, असला धंदा!" मला वाटलं, आता तू उठशील आणि त्यांची चांगली हजेरी घेशील. तू उठलीस, पण फक्त एवढंच म्हणालीस, "चूक झाली असेल माझी." परत येताना तू मला तो दिवस सांगितलास, गाडीभर कुत्री एकदम आली आणि मधेच वीज गेली तो. त्या गडबडीत हिचा कान कापला आणि पोट राहूनच गेलं असणार, म्हणालीस. माझ्या हातांवर माझाच भरवसा उरला नाही, म्हणालीस. महिनाभरात तू ती दूध तपासायची नोकरी धरलीस. दुधाला दुखत नाही, असं तुझ्या पहिल्याच पत्रात होतं. ते वाक्य मी यांनाही दाखवलं नाही.

काम मात्र थांबलं नाही. तू लावलेलं थांबणार कसं? नवीन डॉक्टरीण आली. पोरसवदा आहे, गुणगुणत टाके घालते, बाकी तुझंच सगळं गिरवते. एकेक गल्ली पुरी होत गेली. उरली ती भुरी. पुन्हा पकडून बघायचं ठरलं, पण ती कसली सापडते! कुत्र्यांच्या गाडीचा आवाज चार गल्ल्या पलीकडून ओळखायची. तुला-मला बाजारात विकून येईल अशी हुशार.

शेवटी गेल्या पावसाळ्यानंतर पिल्लं जरा मोठी झाल्यावर मी पदर खोचून बेकरीवाल्यांकडेच गेले. म्हटलं, तुमच्याच गोदामात पोत्यांवर झोपते ना, मग तुम्हीच मदत करा. त्यांनी नाक मुरडलं, पण पावाच्या कडा टाकून तिला आत घेतलं. मी बाहेरून म्हटलं, "ओढा आता शटर, पटकन!" तर हे गृहस्थ शटर इंच इंच खाली आणतायत, जसं काही तान्हं बाळ निजवतायत. मी चिडले. तर मलाच दटावलं, "हळू हो वहिनी! शटरचा धसका आहे तिला. एवढीशी होती तेव्हा याच शटरखाली कान सापडला होता तिचा. टोकच तुटलं. मीच औषध लावलं होतं."

ठमे, माझ्या हातातली जाळी खाली पडली. मी विचारलं, कुठला कान? म्हणाले, कुठला म्हणजे, तो डावा. मी म्हटलं, अहो, मग सभेत का नाही बोललात? तर उलट मलाच विचारतात, "कानाचा काय संबंध? लोक म्हणाले हिचं ऑपरेशन झालंय, मी म्हटलं असेल. तुम्ही काय कानावरून ठरवलंत?"

आपण कुत्र्यांचे कान बघत फिरलो आणि तिला रोज पाव घालणाऱ्या माणसाला कुणी काही विचारलंच नाही!

डॉक्टरणीने भुलीत तो कान हातात घेऊन नीट पाहिला. तुझ्या हातचे कान तिच्या ओळखीचे आहेत, सुरीने रेघ मारावी तसे. हा वेडावाकडा, चेचलेला, आतपर्यंत जुना वण असलेला. "हा ताईंनी कापलेला नाही," म्हणाली आणि गुणगुणायची थांबली. तू त्या कुत्रीला कधी हातच लावला नव्हतास, बाई! विसरणार काय, कपाळ?

तुला तेव्हाच कळवायला बोटं शिवशिवत होती. पण मी तुला ओळखते. तू म्हणाली असतीस, बघू, थंडी जाऊ दे. म्हणून थंडी जाऊ दिली. मागच्या आठवड्याच्या सभेत बेकरीवाले पुन्हा उठले आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात शटरची गोष्ट सगळ्यांना सांगितली. खाली बसताना म्हणाले, आधीच्या डॉक्टरीणबाईंना सांगा, एकदा येऊन माझे पण कान उपटा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी सगळ्यात जास्त.

आता तो घरातला प्राणी. भुरीच्या शेवटच्या वेतातली बाकी सगळी पिल्लं घरोघर गेली, एक तांबूस पोर माझ्याकडे राहिली. यांच्या दोन्ही चपला खाऊन झाल्यात, दोन्ही कान शाबूत आहेत आणि आता तिचं ऑपरेशनचं वय झालंय. तिच्या भावंडांची ऑपरेशनं उरकली, वस्तीत राहिलेली ही एकटीच. डॉक्टरीण सुरी घेऊन तयार होती, मीच अडवलं. तुझ्या हातांवर तुझा भरवसा नसेल तर नसू दे, माझा आहे, आणि पोर माझी आहे. शेड झाडून ठेवलीय, बाकं जोडलीयत, पिशव्या मी भरीन आणि बोलतही राहीन. हे सगळं तू सुरू केलंस, शेवटचे टाके तूच घाल. रविवारी स्टँडवर तुला घ्यायला येतेय, पोरीला घेऊन. नवी चप्पल घालून येऊ नकोस.

तुझीच,
बडबडी