समुद्राचं टाइमटेबल

१ मे, सकाळ

आजपासून रोज लिहायचं ठरवलं. लिहून ठेवलं की छातीतली धडधड कमी होते असं डॉक्टर म्हणाला. नेमकं तसं म्हणाला नाही, रोज चालत जा म्हणाला, पण अर्थ तोच.

मुलाने समुद्रकाठी गेस्टहाउस काढलंय. सहा खोल्या, समोर वाळू, मागे स्वयंपाकघर. मुलगा बुकिंग बघतो. सुनबाई बाकी सगळं बघते. मी त्या दोघांकडे बघतो. म्हणजे तिघांत जास्त जबाबदारी माझीच.

१ मे, दुपार

वाईट बातमी. मुलगा म्हणाला, बाबा, अठरा तारखेला ताई येतेय, तिच्याबरोबर जा आणि आता तिकडेच आराम करा. तिकडे म्हणजे लेकीचा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. मागे एकदा राहिलोय. लेक-जावई कामावर गेले की घरात मी आणि फ्रिज. फ्रिज निदान मधूनमधून सुरू व्हायचा.

मी म्हटलं, मी गेलो तर इथलं माझं काम कोण करणार? मुलगा म्हणाला, कोणतं काम? बापाला असा प्रश्न विचारतात? आणि विचारून वर उत्तराची वाट बघतात?

१ मे, संध्याकाळ

तोडगा निघाला. मीच काढला. गेस्ट इथे येऊन दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. त्यांना उन्हावाऱ्यात बाहेर काढायला जबाबदार माणूस हवा. पद : ॲक्टिव्हिटी प्रमुख.

मुलाने अट घातली. अठरा तारखेला निघायच्या आत एका तरी गेस्टने आपणहून येऊन विचारलं पाहिजे, की आजोबांची ॲक्टिव्हिटी किती वाजता आहे. तसं झालं तर राहा, नाहीतर बॅग भरा. मी म्हटलं, एक? रांग लावतो. सुनबाई हसली. मुलगी गुणाची आहे, पण हसते फार.

२ मे

दिवसभर टाइमटेबल केलं. मी सातवीपर्यंत शाळेत शिकलो आणि पुढे पस्तीस वर्षं शाळेतच घंटा वाजवली. म्हणजे एकूण शिक्षण बेचाळीस वर्षं. निरोप समारंभात शाळेने मला तीच पितळी घंटा भेट दिली. ट्रंकेतून काढून चिंचेने घासली. आवाज अजून खणखणीत. स्वयंपाकघरातलं मांजर दोन तास सापडलं नाही.

टाइमटेबल : पहाटे सूर्योदय. दहाला पक्षी. दुपारी चारला कासव खडकापर्यंत पायी सहल. पाणी ओसरलं की किनाऱ्यापासून खडकापर्यंत वाळूची वाट उघडी पडते, तिच्यावरून जायचं.

सुनबाई म्हणाली, बाबा, चार वाजता कसं जमेल? ओहोटी रोज पुढे सरकते. तिचं माहेर समुद्रकाठचं, त्यामुळे समुद्राला लाडावून ठेवायची सवय. मी म्हटलं, वेळ एकदा सरकवली की शिस्त गेलीच. पस्तीस वर्षांत माझी मधली सुट्टी कधी सरकली नाही.

मुलाने दोन पिवळ्या प्लॅस्टिकच्या होड्या आणून ठेवल्यात. कयाक म्हणतात. कुणी हात लावत नाही, मांजर झोपतं त्यात. त्या मी टाइमटेबलात घेतल्या नाहीत. पाणी घोट्याच्या वर आलं की मला गरगरतं, पण ते कारण नव्हे. कारण सुरक्षितता.

३ मे

यश! चारला घंटा दिली आणि समुद्र शिस्तीत मागे हटलेला. नवीन लग्न झालेलं जोडपं आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक गृहस्थ आले. खडकापर्यंत कोरड्या पायाने गेलो, कोरड्या पायाने आलो. सोबत छत्री, शिट्टी, बँडेज, मीठसाखरेचं पाणी आणि जेलीफिश चावल्यास लावायचं मलम घेतलं होतं. मलम कशाचं आहे ते नीट वाचता येत नाही, पण ट्यूब भरलेली आहे.

जोडपं फार मागे रेंगाळत होतं. दोनदा शिट्टी मारली.

सुनबाईला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, बाबा, आज योगायोग होता. कौतुक करायला जीभ रेटत नाही काही लोकांची.

४ मे

पहाटे घंटा देऊन सगळं गेस्टहाउस उठवलं. सूर्योदय. सगळ्यांना वाळूवर समुद्राकडे तोंड करून ओळीत बसवलं. उजाडलं. चांगलंच उजाडलं. सूर्य काही येईना. मला घाम फुटला. शेवटी दुर्बीणवाले मान मागे वळवून म्हणाले, काका, तो स्वयंपाकघराच्या मागून आलाय.

तेव्हा लक्षात आलं की इथे समुद्रात सूर्य फक्त मावळतो. दोन वर्षं इथे राहतोय, पण उजाडताना मी उठत नाही, रक्तदाब आहे. मी लगेच सांगितलं की सूर्याकडे थेट बघणं डोळ्यांना घातक, म्हणून मुद्दाम पाठ करून बसवलं होतं. पटलं असावं. सगळे उठून परत झोपायला गेले.

एका बाईंचा मात्र राग आला. अंगणातल्या वेताच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसतात, महिनाभराचं बुकिंग आहे, कशालाच उठत नाहीत. कानाशी घंटा वाजवली तर पान उलटून म्हणाल्या, घंटावाले, तुमचं काम झालं असेल तर उजेड सोडा.

यांना बाहेर काढल्याशिवाय राहणार नाही.

५ मे

पक्षी. मी प्रत्येक पक्षी बोट दाखवून सांगितला. दुर्बीणवाले म्हणाले, काका, तुम्ही आतापर्यंत सगळ्यांना बगळाच म्हटलंय, त्यातला एक कावळा होता. फार शिकलेल्या माणसांना सहलीचा आनंदच घेता येत नाही.

चारला खडक. समुद्र उशिरा. वाटेवर गुडघाभर पाणी. मी किनाऱ्यावर उभं राहून देखरेख केली आणि जोडप्याला पुढे पाठवलं. ती दोघं हसत गेली, भिजून आली. सर्दीचे चार उपाय सांगितले. पाचवा सांगत होतो तोवर दार लावून घेतलं.

७ मे

चारला कमरेएवढं पाणी. म्हणजे समुद्र रोज आणखी उशीर करतोय. शाळेत अशी मुलं असायची. एक दिवस सूट दिली की संपलं. मी घंटा वाढवली. चार टोल, थांबून पुन्हा चार. फरक नाही.

सुनबाईने भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता लावलाय. आकडे फार बारीक आहेत आणि रोज वेगळे. ज्याने छापला त्यालाच खात्री दिसत नाही.

१० मे

चार वाजता समुद्र अंगणाच्या पायरीशी. माझ्या चपला घेऊन गेला. एक परत आणून दिली.

दुर्बीणवाले आठवडा बाकी असताना गेले. म्हणाले, शांतता हवी होती. समुद्राचा एवढा आवाज, त्याला मी काय करू?

१३ मे

आता घंटा हातात घेतली की अंगण रिकामं होतं. काल जोडपं खिडकीतून आत चढताना बघितलं. दाराने जाता येतं हे त्यांना माहीत आहे. मी दारात होतो.

लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, खोली तयार ठेवलीय, नवीन टीव्ही घेतलाय, खाली बागही आहे. तिचा जीव आहे माझ्यावर. पण बागेत लिफ्टने जायचं आणि आठ ओळखीच्या नसलेल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी नववा जाऊन बसायचं. मी म्हटलं, बघू, इथे सीझन आहे, मला सोडत नाहीत.

मग बसून राहिलो. समुद्र आपलं चालूच होता. त्याला कुणी विचारत नाही, कोणतं काम.

१५ मे

आपणहून विचारणारे गेस्ट : अजून कुणी नाही. जेवणाच्या टेबलावर जोडप्यातली मुलगी म्हणाली, आजोबा, तुमची ती ॲक्टिव्हिटी. मी उभाच राहिलो. ती म्हणाली, उद्या नाही ना?

मुलाने माळ्यावरची बॅग काढून माझ्या खाटेशी ठेवलीय. धूळ मात्र पुसून ठेवली होती. आईवर गेलाय.

१६ मे, दुपार

समुद्र सुधारला! चारला बघतो तर वाळूची वाट उघडी. ओली आहे, पण उघडी. पंधरवडा त्याला चार म्हणजे चार हे सांगत होतो, शेवटी ऐकलं. घाईत लिहितोय. आधी एकटा खडकावर जाऊन खात्री करतो, तिथूनच घंटा देतो. वाट दिसली की सगळे धावत येतील. खुर्चीतल्या बाईसुद्धा.

१७ मे, अंथरुणात

लिहायचं नव्हतं. पण सर्दीने झोप नाही.

खडकावर पोचलो. छान वारं होतं. थोडा वेळ अभिमानाने बसलो, त्यात डोळा लागला. जाग आली तर वाट नाही. चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये मी. वाट उघडी दिसली ती पाणी ओसरताना नव्हे, परत चढताना. सुनबाईने हे नंतर दोन ग्लासांत पाणी ओतून समजावलं. मला तिथे समजलंच होतं, ग्लासांची गरज नव्हती.

घंटा वाजवली. किनाऱ्यावर बरीच माणसं होती. आवाज ऐकताच सगळी टॉवेल उचलून आत पळाली. मी आणखी जोरात वाजवली. वरच्या खोल्यांच्या खिडक्यासुद्धा लागल्या. माझ्या हाताने मी किनारा मोकळा केला.

मग पाणी माझ्या पायांपर्यंत चढलं. टोल चुकले. तीन, मग एक, मग नुसताच खणखणाट. पस्तीस वर्षांत असं वाजवलं नव्हतं.

आणि वेताच्या खुर्चीतल्या बाई उभ्या राहिल्या.

नंतर कळलं की त्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. म्हणाल्या, पंधरा दिवस तुमची घंटा सरळ होती म्हणून मी उठले नाही. अशी बेशिस्त घंटा फक्त घाबरलेला माणूस वाजवतो. त्यांनी खिडकीखाली उभं राहून जोडप्याला हाक मारली. काय आवाज! मी खडकावर असूनही सावधान झालो.

पिवळ्या होड्या आल्या. एकीत बाई, पुस्तक कमरेला खोचलेलं, दुसरीत जोडपं. मुलगा पोहत मागून. बघता बघता सगळे गेस्ट किनाऱ्यावर येऊन टाळ्या वाजवत होते, कोण आधी पोचतं म्हणून ओरडत होते. बाई पहिल्या आल्या. मी डोळे मिटून होडीत बसलो. बाई म्हणाल्या, घंटावाले, वल्हं सोडा, ते मला लागतं.

किनाऱ्यावर मुलगा माझे पाय पुसत होता. म्हणाला, बाबा, तुम्हाला काही झालं असतं तर? मी म्हटलं, तर मी फ्लॅटवर गेलो नसतो. त्याला हसू आलं नाही.

बॅग भरली. घंटा वर बसेना, म्हणून स्वेटर काढून ठेवला.

१८ मे

सकाळी लेक आली. मी तयार होऊन बसलो होतो. इतक्यात काल रात्री आलेल्या कुटुंबातले गृहस्थ आपणहून, चालत, कुणी ढकलत नसताना मुलाकडे आले. जोडप्याने त्यांना किनाऱ्यावरून कुणीतरी काढलेला व्हिडिओ दाखवला होता. म्हणाले, ते आजोबांना खडकावरून सोडवून आणायची शर्यत असते ना, ती किती वाजता?

मी मुलाकडे बघितलं. मुलगा छताकडे. सुनबाई म्हणाली, अट म्हणजे अट. आणि पोट धरून हसली. या वेळी मलाही आवडलं. मुलगा म्हणाला, लाइफ जॅकेट घालूनच, आणि मी बाजूला पोहत राहणार. लेक डोळे पुसत म्हणाली, टीव्ही परत करते. बॅग माळ्यावर. मी जिंकलो.

दुपारी रंगीत तालीम झाली. मी खडकावर बसायचं आणि वाचवा म्हणायचं. सुनबाई म्हणाली, बाबा, जरा मनापासून म्हणा. मी म्हटलं, उद्या पाणी चढलं की आपोआप येईल. घंटा मुख्याध्यापिकाबाईंकडे. मी हरकत घेतली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. हरकत मागे घेतली.

अंगणात नवीन बोर्ड लागलाय. सुनबाईचं अक्षर. कयाक शर्यत : आजोबांना सोडवा. वेळ : समुद्र ठरवेल.

मी खाली सही केली आणि पद लिहिलं, ॲक्टिव्हिटी प्रमुख. मघाशी पाणी प्यायला उठलो तेव्हा बघितलं. बाईंनी लाल पेनने प्रमुख खोडलंय. बाकी तसंच ठेवलंय.