एक पट्टा छाटणी, दोन पट्टे तोडणी

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. कारण पुरावा. ज्याला शत्रू आहेत त्याने सगळं लिहून ठेवावं. ही वही जुन्या करवतीच्या खोक्यात राहील. तिथे कोणी हात घालत नाही.

बावीस वर्षं झाडं छाटण्या-तोडण्याचा धंदा आहे. टेंपोवर नाव माझं. वर चढतो मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ. मी खाली दोर धरतो आणि डोकं चालवतो. लोकांना वाटतं चढतो तोच कारागीर. लोकांचं काय! गुडघ्यामुळे सहा वर्षं मी चढलेलो नाही. पुढच्या महिन्यापासून चढणार.

मूळ मुद्दा. मेहुण्याला फोन येतात. फोन आला की तो टेंपोच्या मागे जातो. काल मी सहज म्हणून टेंपोला वळसा घातला, तर तोही पुढे सरकला. मी वेग वाढवला, त्यानेही वाढवला. आमच्या अडीच फेऱ्या झाल्या. शेवटी स्क्रीन दिसलाच. मशीनवाला! स्वतःचाच मोठा फोटो लावलेला लिफ्टचा ट्रक घेऊन गावभर झाडं कापत फिरतो तो. पाणी कुठेतरी मुरतंय.

संध्याकाळी ७.००
हेडबाईंच्या बंगल्यावर जाऊन आलो. बाई रिटायर्ड मुख्याध्यापिका, पण शाळेच्या कमिटीवर अजून त्यांचाच शब्द चालतो. शाळेच्या आवारात बेचाळीस झाडं आहेत. वर्षभराचं कंत्राट. बंगल्यातली दोन झाडं आम्ही कशी करतो ते बघून बाई ठरवणार. म्हणजे मिळाल्यासारखंच आहे.

झाड पहिलं, सुरूचं. वाळलेलं, गॅरेजच्या पत्र्यावर कललेलं. तोडायचं. दुसरं नीलमोहर. फांद्या विजेच्या तारेला लागतात. फक्त छाटायचं. हे बाईंच्या यजमानांनी लावलेलं. यजमान गेले, पण बाई अजून त्याच सावलीत चहा घेतात. तीन फांद्या काढा, चौथीला हात लावाल तर बघा, असं बजावलं. वर्गात उभं केल्यासारखं वाटलं.

खुणा केल्या. ही पद्धत माझी स्वतःची. पांढऱ्या रंगाचा वीतभर पट्टा. एक पट्टा म्हणजे छाटणी, दोन म्हणजे बुंध्यापासून तोडणी. नीलमोहरावरचा पट्टा व्हरांड्याच्या बाजूने मारला, बाईंना माझा हात किती स्थिर आहे ते दिसावं म्हणून.

घरी येऊन मेहुण्याला नियम पुन्हा सांगितला. खूण बघायची आणि कापायचं. गिऱ्हाइकासमोर प्रश्न विचारायचे नाहीत, कंपनीची पत जाते. त्याने मान हलवली. जरा जास्तच पटकन हलवली.

४ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ५.४५
भरभर लिहितोय. संतापाने.
टेहळणी म्हणून स्कूटरवरून बाईंच्या रस्त्याने गेलो. सुरूवरचे दोन पट्टे रस्त्यावरून ठळक दिसले. नीलमोहरावर काही नाही. कोरा बुंधा! कोणीतरी पट्टा पुसलाय.

फायदा कोणाचा? सरळ आहे. खूण नसली की छाटणी राहणार, तारा तशाच, बाई भडकणार आणि कंत्राट मशीनवाल्याला. आणि पट्टा कुठे आहे हे माहीत कोणाला? माझ्या घरच्याच माणसाला. कुंपणच शेत खायला लागलं तर दाद मागायची कोणाकडे?

मी डगमगलो नाही. डिकीतून डबा आणि ब्रश काढला, फाटक उघडून आत गेलो, पट्टा मारला आणि बाहेर. दीड मिनिट. कोणी पाहिलं नाही. खिडकीचा पडदा हलला, पण वारा होता.

५ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ६.१५
कामाचा दिवस. साखळीला धार लावली, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं, हेल्मेट, कमरेचे पट्टे, दोर तपासले. हिने विचारलं, सगळं नीट बघितलंत ना? आजच का विचारलं?

सकाळी ८.००
साइटवर. बाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाल्या. जाता जाता पुन्हा बजावलं, नीलमोहर जपून. मी म्हटलं, बाई, तुम्ही निर्धास्त जा. वायरमन येऊन एक वाजेपर्यंत लाइन बंद करून गेला.

सकाळी १०.३०
सुरू उतरवला. शेंड्यापासून तुकडे करत, एकेक तुकडा दोराने खाली. पत्र्याला ओरखडा नाही. मेहुणा वर होता, पण खरं काम दोराचं.

हे लिहितानाच त्याचा फोन वाजला. माझ्याकडे बघितलं आणि टेंपोमागे. पण आज मी आधीच टेंपोत बसलेलो. स्पष्ट ऐकलं: आज नको, आज भाऊजी आहेत.

पुरावा! मी नसलो की हा त्याला भेटायला जाणार. आजच छडा लावायचा. मला तातडीचं काम निघालं असं मेहुण्याला सांगितलं आणि दोर धरायला हिला बोलावून घेतलं. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वर्षभर तिनेच धरला होता. बरा धरते.

सकाळी ११.१५
मशीनवाल्याच्या गॅरेजसमोरचं हॉटेल, कोपऱ्यातलं टेबल, तोंडासमोर पेपर. फोन बंद करून ठेवलाय, नाहीतर ऐन वेळी वाजायचा.

११.५०
तो ट्रक धुतोय.

दुपारी १२.२०
दुसरा चहा. तो अजून ट्रक धुतोय. आता फोटोतलं स्वतःचं तोंड पुसतोय. मेहुण्याचा पत्ता नाही. सावध झाला असणार.

१२.४५
मशीनवाला सरळ माझ्या टेबलाशी आला. पेपर उलटा धरलाय म्हणाला. गुडघा कसा आहे विचारलं. लबाड. मग हळूच विचारतो, मेहुण्याने काही विचार केला का? मी म्हटलं, कसला विचार? तो गडबडला, काही नाही म्हणाला आणि निघून गेला. माझ्या नुसत्या एका प्रश्नाने गार पडला.

१.३०
परत आलो. फोन सुरू केला. नऊ मिस्ड कॉल. चार मेहुण्याचे, पाच हिचे.

१.३१
नीलमोहर आडवा पडलाय.

२.१५
टेंपोत बसून लिहितोय.
मेहुणा म्हणतो, बुंध्यावर दोन पट्टे होते, एक व्हरांड्याच्या बाजूला, एक रस्त्याच्या. त्याला खटकलं. हिलाही खटकलं. फोन केले, माझा बंद. बाईंचा फोन डॉक्टरकडे बंद. तासभर दोघं नुसते थांबले. मग बारा वाजून गेले, एकला लाइन सुरू होणार, त्यानंतर तारेजवळ चढता येणार नाही. आणि तुमचाच नियम ना भाऊजी, म्हणाला. खूण बघायची आणि कापायचं.

मी ओंडक्याभोवती फिरून पाहिलं. व्हरांड्याकडचा पट्टा माझा आहे. रस्त्याकडचा पट्टाही माझाच आहे. मंगळवारचा पुसलेला नव्हता. तो पलीकडच्या बाजूला होता.

माझ्याच हाताने माझा घात व्हावा, इतकी सफाई कोणाला जमली असेल?
हिने विचारलं, दुसरा पट्टा कोणी मारला? मी म्हटलं, चौकशी चालू आहे.

संध्याकाळी ४.४०
बाई आल्या. डोळ्यांत थेंब घातलेले, वर काळा चष्मा. अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, वा, काय उजेड आलाय हो! मी म्हटलं, हो ना. वाराही छान येतोय, म्हणाल्या. मी तेही कबूल केलं. मेहुणा काहीतरी बोलायला पुढे झाला, मी त्याला डोळ्यांनी दाबला.

थेंबांचा असर उतरून बाईंना नीट दिसेपर्यंत, म्हणजे उद्या सकाळपर्यंत वेळ आहे. योजना अशी: झाड आतून पोकळ होतं, केव्हाही पडलं असतं, आपण बाईंचा जीव वाचवला. फक्त पोकळ भाग दाखवावा लागेल. सगळे ओंडके तपासले. वाळवीचं एक भोक सापडेल तर शपथ. इतकं निरोगी झाड मी बावीस वर्षांत पाहिलेलं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ९.३०
गुडघ्यामुळे निघायला उशीर झाला. पोचलो तर मेहुणा आधीच तिथे. बाईंना सांगून मोकळा झालेला: चूक माझी, मी खूण नीट बघितली नाही, भाऊजी तर इथे नव्हतेच.

बाई व्हरांड्यात उन्हात बसल्या होत्या. हातात कप, चहावर साय धरलेली. माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, आजकालच्या मुलांचं कामात लक्षच नसतं. मेहुणा जमिनीकडे बघत होता. तो पस्तिशीचा आहे.

टेंपोत बसल्यावर डोकं ताळ्यावर आलं. कोणी फुकट दुसऱ्याची चूक अंगावर घेतं का? काय साधायचंय त्याला?

संध्याकाळी ७.१५
हिला माझा संशय सांगितला. तो बाईंच्या नजरेत चांगला ठरून कंत्राट लाटणार आणि मशीनवाल्याला जाऊन मिळणार. हिने गॅस बंद केला. हिने गॅस बंद केला की गोष्ट साधी नसते.

म्हणाली, मशीनवाला चौदा महिने त्याच्या मागे लागलाय. चौदा महिने तो नाही म्हणतोय. तुम्हाला कळलं तर वाईट वाटेल म्हणून टेंपोच्या मागे जाऊन नाही म्हणतोय. मी विचारलं, का नाही म्हणतो? तर म्हणे, भाऊजींच्या हातात दोर असला की मला खाली बघावं लागत नाही.

हे मला आधी का नाही सांगितलं, असं विचारलं. सांगितलं असतं तर संशय घेतला असतात, म्हणाली आणि गॅस पुन्हा पेटवला.

जेवण गेलं नाही. मला माझी लाज वाटली. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितोय.

७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७.००
निश्चय. बाईंना जाऊन खरं सांगायचं. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा त्यात ‘गैरसमजातून’ आलं, दुसऱ्यांदा ‘परिस्थिती’ आली. तिसऱ्यांदा नुसतं वाक्य उरलं. खरं बोलणाऱ्याला बाई मानतात, शेवटी शिक्षिका आहेत. कंत्राट अजूनही येऊ शकतं.

दुपारी १२.१०
सांगितलं. तो दुसरा पट्टा मी मारला. हातातून दोर सुटावा तसं वाक्य सुटलं.

बाई म्हणाल्या, मला माहीत आहे. बुधवारी संध्याकाळी मी खिडकीतच उभी होते.
मग थांबवलं का नाहीत, असं विचारलं.
म्हणाल्या, ब्रश घेऊन इतक्या ऐटीत आलात, मला वाटलं तुम्हाला कळत असेल.

मग त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, चौतीस वर्षं मुलांना सांगत आले, शंका आली की हात वर करा, विचारा. आणि मी स्वतः पडदा सोडून आत गेले. यांनी लावलेलं झाड, आणि मी एक प्रश्न विचारला नाही.

एरवी अशा वेळी कोणावर तरी संशय घ्यायला मला जमतं. आज कोणी सापडेना. मी खाली पडलेला पाला गोळा करायला लागलो. त्यांनी केरसुणी आणून दिली.

निघताना कंत्राटाचं विचारलं. विचारायला नको होतं. ते कालच दिलं म्हणाल्या, तुमच्या मेहुण्याच्या नावाने. जो दुसऱ्याचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतो त्याच्या हाती शाळेची मुलं आणि झाडं दोन्ही सुखरूप राहतील, असं काहीतरी. पुढचं मी ऐकलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.००
मेहुणा घरी आला. मी पेपर सरळ धरला. आता पाटी बदलणार, टेंपोचं बोलणार, मी तयारच होतो.

चहा संपवला. मग म्हणाला, भाऊजी, उद्या सातला शाळेत. बेचाळीस झाडं मला एकट्याला झेपायची नाहीत. दुसऱ्या कोणाच्या हातात दोर देऊन मी चढणार नाही. मी तोंड उघडलं, तर हात वर करून म्हणाला, फक्त एक अट. खुणा मी करणार, तुम्ही दोर धरा. आणि काही कळलं नाही तर एकमेकांना विचारायचं, गिऱ्हाईक समोर असलं तरी.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. ही आतून म्हणाली, गुडघ्याचा पट्टा दोरीवर वाळत घातलाय, सकाळपर्यंत वाळेल.

तो खाली गेला आणि माझ्या स्कूटरच्या डिकीतून रंगाचा डबा काढून घेतला. ब्रशही घेतला. मग परत वर आला आणि हिला हळूच विचारलं, घरात आणखी एखादा ब्रश आहे का? तिने माळ्यावरचा काढून दिला. तोही घेऊन गेला.

मला फार लागलं. आपल्याच माणसावर इतका संशय घेतात का?