नाव मी दिलं

दादा,

तुझ्या पोराला कॉलेजातून काढलं, तेव्हापासून तू नाव सांगणाऱ्याला शोधतोयस. ती मी.

मी त्याच्याच हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवण वाढते, तुला माहीतच आहे. नव्या पोरांनी नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची, हा तिथल्या मोठ्या पोरांचा नियम. एकाला म्हटलं, "मेल्या, वर बघ, किती वाढू?" तो पुटपुटला, "मावशी, परवानगी नाही." गालावर बोटांचे वळ होते. हात तुझ्या लेकाचा, असं बाकीची पोरं म्हणाली.

तुझ्या लेकाला झापलं, तर हसला. "आत्या, गंमत असते गं. आमचीही झाली." म्हटलं, पुन्हा हात लावलास तर वॉर्डनकडे जाईन. त्याला वाटलं, आत्याच ती, जाते कुठे.

दुसऱ्या दिवशी ते पोरगं जेवायला आलं नाही. खोलीत जाऊन पाहिलं, तर तुझ्या लेकानं भिजवलेल्या कपड्यांत कुडकुडत पडलं होतं. तशीच वॉर्डनकडे गेले. "तुमचं नाव बाहेर जाणार नाही," म्हणाले, आणि गेलं नाही.

पण काल माझ्याच घरात बसून त्या पोरानंच नाव सांगितलं असं धरून तू त्याच्या आईला शिव्या घातल्यास आणि मी गप्प चहा गाळत राहिले. म्हणून हे पत्र टाकत नाही. कागदाआड लपणं मला जमायचं नाही. रविवारी येते, समोर बसून सांगते. त्यानंतर मला पुन्हा दार उघडायचं की नाही ते तू बघ.

तुझी धाकटी