उशाशी ठेवलेला इन्व्हर्टर

सांगली, ८ एप्रिल २०२४

चि. गंगाधरास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. फोनवर तुझा आवाज हल्ली घोगरा येतो, आणि मी बोलले की घरभर ऐकू जातं. सांगायचंय ते घरातल्यांबद्दलच आहे, म्हणून हे पोस्टाचं पाकीट.

गेल्या मंगळवारी धवलनं इन्व्हर्टर आणला. रोज दुपारी दोन-दोन तास लाईट जाते, तेव्हा आणला ते बरंच केलं. पण ठेवला कुठं, तर माझ्या खोलीत, माझ्या खाटेच्या उशाशी! खाली ठेवायचा नाही, कारण दोन्ही पुरांत खालच्या मजल्यात पाणी आलं होतं. हे मला पटतं. पण वर काय एकटी माझीच खोली आहे? धवलच्या खोलीत नको, कारण सूनबाईचं, वल्लरीचं, कंपनीचं काम तिथून चालतं. नातीच्या, साक्षीच्या, खोलीत नको, तिची मेडिकलची परीक्षा तोंडावर आलीय. आणि हॉलमध्ये नको, का, तर पाहुण्यांना दिसतो. पाहुण्यांना दिसू नये म्हणून म्हातारीच्या डोक्याशी!

लाईट असली की तो चार्ज होत गुणगुणतो. लाईट गेली की घरघरतो. आली की टॅक करून असा दणका देतो, की खाट हलते. तो आवाज कानात नाही रे, दातांत जाणवतो. आणि खरा राग त्याचाही नाही. वायरमननं विचारलं, आजींना त्रास नाही का व्हायचा? तर धवल मोठ्यानं म्हणाला, आईला तसंही ऐकू कमीच येतं. माझ्यादेखत! मला विचारलंसुद्धा नाही. या घराच्या पायाभरणीला मी डोक्यावरून पाणी वाहिलं, आणि आज मी अडगळीची खोली झाले.

तू वीजखात्यात इंजिनिअर होतास. चार शब्द त्याला खडसावून लिही. तुझं ऐकतो तो.

लोभ आहेच. यावेळी थोडा रागही माझ्या बाजूनं धर.

तुझी,
गोदाताई


सातारा, १३ एप्रिल २०२४

ती. स्व. ताईस गंगाधरचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून डोकं तापलं. धवलला याच पोस्टानं वेगळं पत्र टाकलंय, आणि ते गोड नाही. पाणी घालायची बॅटरी चार्ज होताना गॅस सोडते. ती माणसाच्या झोपायच्या खोलीत ठेवायची नसते, हे वायरमनला कळू नये? त्याला बॅटरीचं पाणी तपासायच्या आधी स्वतःचं डोकं तपासायला सांगितलं पाहिजे. तुझ्या दातांत जाणवतं त्याचं कारण मी इथूनच सांगतो. ट्रॉली तुझ्या लोखंडी खाटेला टेकलेली असणार. खाट आधी वीतभर पुढं ओढ.

जागा मी सांगतो. जिन्याचं मधलं वळण. पुराच्या पाण्याच्या वर, हवा खेळती, कोणाच्या झोपेत नाही. वर पत्रा आणि पुढं जाळीचं दार केलं की झालं.

पण ताई, एक विचारतो. धवल तसं बोलला तेव्हा तू काय म्हणालीस? गप्प बसलीस? तू? जिनं माझ्या लग्नात व्याह्यांना पंगतीतून उठवून जागा बदलायला लावली ती? मला हे कळेना.

तुझ्या रागात भागीदार,
गंगाधर


सांगली, १९ एप्रिल २०२४

ती. स्व. मामांस धवलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र म्हणजे कोर्टाची नोटीसच होती. मामा म्हणून सहन केलं, पण राग मलाही आलाय, आणि तो आता लिहितो.

आईला विचारलं नाही हे साफ खोटं आहे. मी तिच्या खोलीत जाऊन दोनदा विचारलं. इथं ठेवला तर चालेल का, आवाज होतो, नको असेल तर नको सांग. दोन्ही वेळा तिनं हसून मान हलवली, आणि म्हणाली, हो हो, चांगलं होईल. मग मी काय समजायचं? वायरमनसमोर मी ते बोललो, ते मात्र चुकलं. ते बोलायला नको होतं. पण ते खरं आहे, मामा.

दिवाळीत कानाचं मशीन आणलं. चार दिवस घातलं, आता कपाटात साड्यांच्या खाली आहे. विचारलं की म्हणते, मला काय धाड भरलीय? वर्षभर ती सगळ्याला हो हो म्हणते. तिचं शिवणयंत्र कामाला येणाऱ्या राणीच्या मुलीला द्यायचं का, असं वल्लरीनं विचारलं. हो हो म्हणाली. यंत्र गेलं, आणि दोन दिवस रडली. का रडते ते सांगेना. आम्हाला वाटलं, बाबांची आठवण येत असेल. फेब्रुवारीत डॉक्टरांनी विचारलं, रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेता ना रोज? हो म्हणाली. घेत होती एकच. दोन पुरत नाहीत असं समजून त्यांनी तिसरी वाढवली, तिन्ही आम्ही मोजून द्यायला लागलो, आणि ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. हे तुम्हाला तिनं लिहिलंय का? नाही ना?

मला आईच्या उशाशी मशीन ठेवायची हौस नाही. पण जे माणूस नाही म्हणत नाही, त्याच्या मनातलं मी कसं ओळखायचं, तेवढं तुम्ही मला लिहा.

आपला भाचा, रागावलेला पण आपलाच,
धवल


सातारा, २४ एप्रिल २०२४

ती. स्व. ताईस शि. सा. नमस्कार.

आता माझा राग तुझ्यावर आहे. धवलनं सगळं लिहिलं. शिवणयंत्र, गोळ्या, न्हाणीघर. तू मला फक्त इन्व्हर्टर लिहिलास. माझा आवाज घोगरा होत नाही ताई, तुला तो ऐकू येत नाही. यात लाज कसली? लाज न ऐकता हो म्हणण्यात आहे. ते मी का म्हणतो, ते आज लिहितो. हे मी तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही.

माझा लाईनमन तात्याबा तुला आठवत असेल, डावा हात मनगटापासून गेलेला. दहिवडीकडं दोन हजार तीन साली खांबावर शॉक बसला. सबस्टेशनमधल्या जोतिबानं लाईन बंद आहे असं चुकीचं सांगितलं म्हणून तसं झालं, हेच तू माझ्याकडून ऐकलं आहेस.

जोतिबानं तसं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी वारा असा सुटला होता, की बोललेलं तोंडातच राहत होतं. मी वाडीवरच्या एका घरातून त्याला फोन लावला. तो काहीतरी म्हणाला, ते कळलं नाही. मी पुन्हा विचारलं, पुन्हा कळलं नाही. तिसऱ्यांदा विचारायला मला संकोच वाटला. साहेब होतो ना मी! हो हो म्हणालो, आणि फोन ठेवला. बाहेर येऊन तात्याबाला म्हणालो, बंद आहे, चढ. जोतिबा फोनवर म्हणत होता, पाच मिनिटं थांबा, अजून बंद केलेली नाही. हे मला मागाहून कळलं.

चौकशीत मी जोतिबाचं नाव घेतलं. त्याची बदली झाली, बढती गेली. माझं काही झालं नाही.

म्हणून सांगतो. मशीन कानाला लाव, आणि धवलला तेच पुन्हा विचारायला लाव. तोवर मला पत्र लिहू नकोस.

तुझा,
गंगाधर


सांगली, ११ मे २०२४

चि. गंगाधरास आशीर्वाद.

एकदा वाचून ठेवल्यावर बारा दिवस तुझ्या पत्राला पुन्हा हात लावला नाही. मला लाज शिकवणारा तू कोण, असं सारखं मनात येत होतं. मग तेराव्या दिवशी कपाटातून मशीन काढलं.

दुपारी धवल मार्केट यार्डातून जेवायला आला. सगळे बसल्यावर मी त्याला म्हटलं, इन्व्हर्टरचं मला जे विचारलं होतंस, ते आता विचार. तो गोंधळला. वल्लरीनं त्याला कोपरानं ढोसलं. मग त्यानं विचारलं, आई, तुझ्या खोलीत ठेवला तर चालेल का? मी म्हटलं, नाही. अजिबात चालायचं नाही. एवढं बोलायला मला वर्ष लागलं बघ! त्यानं ताट बाजूला सारलं. म्हणाला, आई, हे आधी का नाही म्हणालीस? मी म्हटलं, तू काय विचारतोयस तेच मला कळत नव्हतं. पुन्हा विचारलं असतं, तर म्हातारीला ऐकू येत नाही, हे ठरलं असतं. तर म्हणाला, ते आम्ही केव्हाच ठरवून बसलो होतो, उगाच तू एकटी पडलीस. त्याचे डोळे भरले. माझे नाही. मी अजून रागात होते.

दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टर जिन्याच्या वळणावर गेला. जाळीचं दार वल्लरीनं उभं राहून बसवून घेतलं. गोळी डॉक्टरांनी कमी केली. शिवणयंत्र मी परत मागितलं नाही. राणीची पोर त्यावर ब्लाऊज शिवते, ती बघून आले. पण ते माझ्या सासूचं होतं, हे तिला ऐकवून आले. साक्षीचा पेपर बरा गेला.

हे माझं झालं. आता तुझं. एकवीस वर्षं! एकवीस वर्षं एका निरपराध माणसावर आळ ठेवून तू सुखानं पेन्शन खाल्लीस, आणि मला लिहितोस, लाज कसली? माझ्या हो हो म्हणण्यानं मीच न्हाणीघरात पडले. तुझ्यानं दुसऱ्याचा हात गेला, आणि तिसऱ्याचं नाव गेलं. मला सांगून काय उपयोग? मी काय तात्याबा आहे? जाऊन ये. जाऊन आल्यावरच लिही.

आशीर्वाद आहेतच, ते मागे घेता येत नाहीत म्हणून.

गोदाताई


सातारा, २० मे २०२४

ती. स्व. ताईस शि. सा. नमस्कार.

जाऊन आलो.

तात्याबा गोठ्यापुढं शेरडांना पाला टाकत होता. मला बघून हरखला, बायकोला, मनुबाईला, चहा टाकायला सांगितलं. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं, बसलो असतो तर जमलं नसतं. त्यानं हातातला पाला खाली ठेवला. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणाला, हाताचं ऱ्हाऊ द्या साहेब, हात गेला तो गेला. जोतिबाच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आली तवा मी ती चुलीत घातली. त्यो दारात आला हुता, त्येला पाणीबी इचारलं न्हाई. तुमी मला हातापासनं न्हाई, मैतरापासनं तोडला. मग इतकं बोलला, की मनुबाई चहा घेऊन आलेली तशीच आत गेली. त्यातलं मी तुला लिहू शकत नाही. शेवटी चपला घातल्या, आणि म्हणाला, चला. हे त्येच्या दारात बोला.

जोतिबा औंधला असतो, यमाईच्या देवळाच्या वाटेवर त्याचं नारळाचं दुकान आहे. तात्याबा माझ्या गाडीवर मागं बसला. दुकानापुढं उभं राहून मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. गिऱ्हाईकं होती, तरी सांगितलं, मोठ्यानं सांगितलं. जोतिबानं ऐकून घेतलं, सगळं. माझ्याकडं बघितलं नाही. तात्याबाकडं बघून म्हणाला, आत ये, आणि दोघं पडद्याआड गेले.

मी बाहेर उन्हात उभा राहिलो. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग दोघांचं मोठमोठ्यानं भांडण, आणि मग बराच वेळ कोणीतरी रडत होतं, कोण ते कळलं नाही. तासाभरानं जोतिबाची बायको तांब्याभर पाणी घेऊन आली, माझ्यासमोर ठेवलं, आणि आत गेली. मला आत बोलावलं नाही.

पाणी प्यालो, आणि घरी आलो. तात्याबा तिथंच राहिला.

लोभ ठेव, अशी विनंती करायचं धाडस आज होत नाही.

तुझा,
गंगाधर