ब्लॉक माझ्याबरोबर पुरू नये

मी, नेडीन हॉलिस स्टॉलकप, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा इंजिनांचे मशीनकाम, राहणार डोर्सी क्रॉसिंग, राज्य मिसूरी, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्याही धाकदपटशाशिवाय लिहून ठेवते ते असे.

माझी बुद्धी शाबूत आहे. हे वेगळे लिहावे लागते याचे कारण माझा मुलगा गार्लंड. मी इंजिनाचा एक ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचे ओतीव लोखंडी धड, निजायच्या खोलीत गोधडीखाली ठेवते, सबब माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असे त्याने गावभर सांगितले. त्या खोलीत ओल नसते आणि गार्लंडही नसतो, एवढेच त्याचे कारण आहे. वकील श्री. प्रूइट यांनी मला तपासणीचे प्रश्न विचारले. राष्ट्राध्यक्षांचे नाव विचारले ते मी सांगितले, आणि त्यांच्या गाडीच्या इंजिनातला आवाज कशाचा तेही न विचारता सांगितले.

यापूर्वी केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी रागाच्या भरात केली होती. हेही थोडे रागातच आहे, पण या वेळी वकील समोर बसले आहेत.

कलम पहिले. माझा अंत्यविधी साधा असावा. पास्टरसाहेबांनी लांबण लावू नये. शर्यतीआधीची त्यांची प्रार्थना चालू असताना रांगेतली दोन इंजिने तापून बंद पडलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत.

कलम दुसरे. राहते घर, त्यातील सामान आणि मागचे अंगण माझी मुलगी रोबर्टा हिला द्यावे. रोबर्टा दर आठवड्याला येते, माझ्या पायांना मलम लावते, आणि तिने मला आजवर एकदाही कुठल्या इंजिनाचे घनइंच विचारलेले नाहीत. या कुटुंबात हा गुण दुर्मीळ आहे.

कलम तिसरे. बँकेत जे काही असेल त्यातील निम्मे रोबर्टाला. उरलेले निम्मे आमच्या ड्रॅग स्ट्रिपवरच्या, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्टीवरच्या, आग विझवणाऱ्या मंडळींना, नवीन अवजारांसाठी. माझे यजमान हॉलिस यांना त्यांनी आदळलेल्या गाडीतून बाहेर काढले तेव्हा दरवाजा कापायला त्यांच्याजवळ एक बोथट कातर होती.

कलम चौथे. अंगणात, पायऱ्यांच्या डावीकडे, फुटलेला एक ब्लॉक आहे. त्याच्या आठ सिलिंडरांत मी पेटुनियाची रोपे लावली आहेत. हा ब्लॉक फुलांसकट श्री. ऑर्व्हिल टॅकेट यांना द्यावा. त्यांनी तो स्वतः उचलून न्यावा.

याचा खुलासा करणे भाग आहे. आठ सिलिंडरांच्या पोटात मिळून किती जागा, तो आकडा म्हणजे घनइंच. आमच्याकडे पुरुष तो आकडा गाडीच्या बॉनेटवर रंगवून घेतात. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी टॅकेट यांनी पाचशेचा आकडा लाल रंगात, कोंबडीएवढा मोठा रंगवला. आत इंजिन होते चारशे चोपन्नचे. मला ठाऊक आहे, कारण ते मीच बांधून दिले होते. गिऱ्हाइकाची गोष्ट चव्हाट्यावर आणू नये म्हणून मी गप्प बसले. पण माझे यजमान हॉलिस यांना तो आकडा पाहिल्यापासून जेवण जाईना. त्यांनी जुन्या ट्रकमधला ब्लॉक काढला आणि मला म्हणाले, सिलिंडर तासून रुंद कर, दट्टे जास्त खाली-वर नेणारा लांब हाताचा क्रँक घालू, पाचशे पाच होतील. मी भिंतीची जाडी मोजली आणि नाही म्हणाले. ब्लॉक ट्रक ओढायला ओतलेला, त्यात असला क्रँक म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मी बहिणीकडे चार दिवस गेले तेवढ्यात हॉलिसने सिलिंडर तासायचे बोअरिंग मशीन स्वतः चालवले.

त्या ब्लॉकवर हॉलिस शर्यतीला उतरले आणि गाडी आदळली, ती टायर फुटून असे लोकांना वाटते. हॉलिसने शेवटपर्यंत तसेच सांगितले, आणि नवऱ्याची अब्रू म्हणून मीही तीस वर्षे टायरच सांगितला. टायर शाबूत होता. सिलिंडरची पातळ भिंत फाटली, इंजिन गार ठेवणारे पाणी मागच्या चाकांखाली सांडले आणि गाडी स्ट्रिपच्या कडेच्या भिंतीवर गेली. हॉलिसचा पाय त्यानंतर कधी सरळ झाला नाही. खोट्या आकड्याला गाठण्यासाठी त्यांनी हा खरा ब्लॉक फोडला. टॅकेट यांनी पेटुनियाला रोज पाणी घालावे.

कलम पाचवे. वर्कशॉप, लेथ, क्रेन, हाताची सर्व अवजारे आणि गिऱ्हाइके, जी टिकतील ती, गार्लंडला द्यावीत. सोबत सिलिंडरच्या भिंतीची जाडी मोजायचे यंत्रही द्यावे. ते मी त्याला नाताळात एकदा दिले होते. खोक्यावरची चिकटपट्टी अजून तशीच आहे.

गार्लंड मनाने वाईट नाही. त्याला मोठ्या आकड्याची हौस आहे आणि हौसेला मोल नाही. आमच्या स्ट्रिपवरच्या शनिवारच्या शर्यतीत आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते आधी काचेवर लिहायचे असते. लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. म्हणजे इथे वेगापेक्षा आपल्या गाडीला ओळखणे महत्त्वाचे. असे असताना या गृहस्थाने गेल्या उन्हाळ्यात इंजिन मोठे केले, गाडी काचेवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोचली, आणि पहिल्याच फेरीत बाद झाली. पुढच्या शनिवारी त्याने ते आणखी मोठे केले.

मी एकदा मीटलोफ वाढता वाढता त्याला समजावले की आधी ब्लॉक किती सोसेल ते बघावे, मग घनइंच ठरवावेत.

"आई, बॉनेटवरचा नंबर बघून लोक टाळ्या वाजवतात गं," तो म्हणाला. "भिंत कोण बघतं?"

"पाणी बघतं," मी म्हणाले. त्याने कॉर्नब्रेड मागितला.

कलम सहावे. बोअरिंग मशीन गार्लंडला देऊ नये. त्याचे काय करावे ते पुढे येईल.

कलम सातवे. निजायच्या खोलीतला ब्लॉक. हा खास शर्यतीसाठी ओतलेला आहे, जाड भिंतींचा, उंच, एकदाही न तासलेला. माझ्या आईची जमीन विकली तेव्हा मी तो घेतला. बाकीच्या बायका त्या पैशांत फ्लोरिडाला जाऊन येतात. गार्लंडला तो हवा आहे. त्याचे म्हणणे, सिलिंडर शेवटच्या मर्यादेपर्यंत तासू आणि सहाशे बत्तीस घनइंच करू. आणि ती गाडी चालवणार कोण, तर त्याची मुलगी, माझी नात डार्सी. वय तेवीस. पाच वर्षे तीच चालवते आहे. तिचे गुडघे आणि इंजिन यांच्या मध्ये एक पत्रा असतो.

लोखंड तासता येते, परत लावता येत नाही. मी ब्लॉक कोणाच्याही नावे केला तरी मी गेल्यावर तो तासायला गार्लंडला एक दुपार पुरेल. सबब हा ब्लॉक माझ्याबरोबर माझ्या थडग्यात पुरावा.

वकिलांची हरकत: दफनभूमीवाल्यांनी कळवले आहे की शवपेटीचा तळ तेवढे वजन पेलणार नाही, आणि ब्लॉकसाठी वेगळी जागा विकत घ्यावी लागेल. माझे उत्तर: घ्यावी.

कलम सातवे, दुरुस्ती. वरील कलम रद्द समजावे. झाले ते लिहिते.

श्री. प्रूइट हा मसुदा टेबलावर ठेवून कॉफी पीत असताना डार्सी वालाच्या शेंगा घेऊन आली. या मुलीला कागद दिसला की वाचायची खोड आहे. शेंगा निवडायच्या सोडून तिने सगळी कलमे वाचली. टॅकेटपाशी हसली. त्याच्या पुढचे वाचताना हसली नाही.

"टायर नव्हता?" तिने विचारले.

नव्हता, मी सांगितले.

तिने मसुदा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "आजी, सहाशे बत्तीस बाबांचं नाही. माझं आहे. मला तुझ्याशी बोलायची हिंमत होत नव्हती, म्हणून ते माझ्यासाठी तुझ्या शिव्या खातायत."

मी विचारले, तुला काय करायचे आहेत एवढे घनइंच, बॉनेट सजवायचे आहे का.

"पाच वर्षं मी काचेवर आकडा लिहिते आणि त्या आकड्याशीच शर्यत लावते," ती म्हणाली. "मला माणसाशी लावायचीय. शेजारच्या लेनमधल्या. आधी पोचेल तो जिंकला. त्या वर्गात आपल्या जुन्या इंजिनाला कोणी उभंसुद्धा करणार नाही."

"आणि भिंतीला धडकलीस तर?"

"आजोबा पातळ ब्लॉकमुळे धडकले. तूच लिहिलंयस. मग जाड ब्लॉक पुरून ठेवतेस होय? मी थांबणार नाहीये, आजी. हा नाही मिळाला तर शेडमधल्या जुन्या इंजिनाचा पातळ ब्लॉक बाबांना तासायला सांगीन."

प्रूइट साहेबांनी कॉफीत बघितले. मला राग आला, आणि राग ओसरल्यावर भीती वाटली, ती अजून वाटते आहे. मला वाटत होते मी पोरीला पुरुषांच्या आकड्यापासून वाचवते आहे. प्रत्यक्षात मी तिला फुटणाऱ्या लोखंडाकडे ढकलत होते. पोर म्हणाली त्यात खोट काढायला मला जागा सापडली नाही, आणि मी शोधून पाहिली होती.

मसुद्याच्या पाठीमागे मी आकडेमोड केली. सहाशे बत्तीस करायचे तर सिलिंडर अगदी टोकापर्यंत तासावे लागतात. त्यासाठी लागणारा लांब हाताचा क्रँक तसाच ठेवून सिलिंडर जरा अरुंद ठेवले तर सहाशे चार येतात. ब्लॉक उंच आहे, हा क्रँक त्याला जड नाही.

"अठ्ठावीस कमी," डार्सी म्हणाली.

"त्या अठ्ठाविसांत भिंत आहे," मी म्हणाले.

तिने वाद घातला. तासभर घातला. गार्लंडला फोन केला, तो सहाशे बत्तीसच म्हणाला. मग तिने उठून नाताळातले ते खोके शोधून आणले, चिकटपट्टी फाडली, आणि निजायच्या खोलीत गुडघ्यांवर बसून आठही सिलिंडरांच्या भिंती चारी बाजूंनी मोजल्या. ओतताना साचा जरा सरकला होता, पाचव्या सिलिंडरची एक बाजू इतरांहून पातळ निघाली. ते मलाही माहीत नव्हते. टोकापर्यंत तासले असते तर तिथे काय उरले असते ते तिने स्वतः मांडून पाहिले, आणि कागदावरचे सहाशे बत्तीस खोडले. या घराण्यात आकड्याआधी भिंत मोजणारी ती माझ्यानंतरची पहिलीच.

येत्या नाताळाची वाट कशाला पाहायची, आणि माझ्या मरणाची तरी कशाला. शनिवारी आम्ही दोघींनी ब्लॉक क्रेनने वर्कशॉपमध्ये नेला. मशीन तिने चालवले. मी खुर्चीत बसून आवाज ऐकत होते आणि दोनदा थांब म्हणाले, दोन्ही वेळा ती आधीच थांबली होती. गार्लंड दारात उभा होता. सगळे सिलिंडर होईपर्यंत तो उभा होता. मग म्हणाला, "आई, बसायला उशी आणू का?" मी आण म्हणाले.

वकिलांची हरकत: हयातीत दिलेली वस्तू मृत्युपत्रात लिहिता येत नाही. मान्य. सबब ब्लॉक आणि बोअरिंग मशीन या मृत्युपत्रात नाहीत. ती दोन्ही शनिवारपासून डार्सीची आहेत.

कलम आठवे आणि शेवटचे. तरीही माझ्या पश्चात डार्सीला एक गोष्ट मिळते, ती वकिलांना कशी लिहावी ते सुचले नाही, म्हणून मीच लिहिते. त्या सिलिंडरांच्या भिंतींत अजून दोन-तीनदा तासता येईल एवढे लोखंड मी शिल्लक ठेवले आहे. ते माझे होते, आता तिचे आहे. ते कधी कापायचे आणि कधी नाही, हे तिने एकटीने ठरवावे आणि मला काय वाटले असते याचा विचार करू नये.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी त्यावर पुढील साक्षीदारांसमोर सही केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही. मर्ल यांनी काही मिळेल का असे विचारून घेतले.

साक्षीदार: १. मर्ल हॅचर, शर्यत सुटायचा दिवा लावणारे. २. ओपल जीन साइक्स, शेजारीण.

स्थळ: डोर्सी क्रॉसिंग, मिसूरी. दिनांक: ९ ऑक्टोबर २०१८.

सही: नेडीन एच. स्टॉलकप