काकूच्या कळशीतली चिलापी

बोरी,
२३ ऑगस्ट २०२५

प्रियंका,

इकडे सगळे बरे आहेत. नवी नेमणूक, त्यात तालुक्यातल्या सगळ्या सुनावण्या तुझ्याकडेच. जेवणाची आबाळ होत असेल. फोनच करणार होते. पण फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहिते आहे.

अण्णांनी शेततळ्यात हवा सोडणारं यंत्र बसवलं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात ते पाण्यातला प्राणवायू कमी झाल्यामुळे, हे मी त्यांना दोन उन्हाळे सांगत होते. ते म्हणायचे, "भूक लागली आसंल त्यायला." मंगळवारी सुनावणीआधी तू काठावर उभी राहून तेच सांगितलंस आणि संध्याकाळी त्यांनी दुकानदाराला फोन लावला. यंत्र चांगलं आहे. तक्रार नाही.

आता कामाचं.

तुमच्या मत्स्य खात्याच्या नियमाच्या मसुद्याप्रमाणे चिलापी हा परदेशी मासा, म्हणून ओढ्याजवळच्या सगळ्या शेततळ्यांतून तो काढून टाकायचा. माझी हरकत तू ऐकलीसच. धरणात चिलापी आपल्या जन्माआधीपासून आहे. माझ्या तळ्याला प्लास्टिकचं अस्तर आहे, सांडव्याला दुहेरी जाळी आहे, बीज फक्त नरांचं आहे, म्हणजे पिल्लं व्हायचा प्रश्न नाही. या तळ्यातून एकही मासा बाहेर गेलेला नाही, असं मी भर सभेत म्हणाले. आणि कस्तुराकाकू उठली.

"मॅडम, ह्या माशाला नावं ठिवू नका. ह्याच तळ्यातले नेऊन आमच्या हिरीत मीच सोडलेत. पानी बगा कसं निवळलंय. बबिता सासरी जायली तवा कळशीत घालून दिले. लेकीला रिकाम्या हातानं कसं लावावं? तिकडं ताडकळसला बी पिल्लं झालीत, लय."

मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, जावयाला आंदनात मासे?" सगळे हसले.

मी हसले नाही. तूही नाहीस. तू काकूकडे बघून शांतपणे म्हणालीस, "मरळ असतील काकू. विहिरीत मरळच सोडतात." आणि सुनावणीच्या नोंदीत तसंच लिहिलंस. 

मरळ आपला देशी मासा. त्याला नियम लागू नाही. काकूला मरळ आणि चिलापी यांतला फरक कळतो, तुला कळतो, मला कळतो. फक्त नरांचं म्हणून मिळणारं बीज पूर्णपणे तसं नसतं, त्यात थोड्या माद्या येतातच, हे आपण एकाच बाकावर शिकलो. नंतर खात्याची परीक्षाही एकाच केंद्रावर दिली, निवड तुझी झाली. त्याबद्दल मी तेव्हा काही म्हणाले नाही, आताही म्हणत नाही.

रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "पोरगी लय समजदार हाय. तुझी मैत्रीण नसती तर तळं गेलं होतं." तळं मी खोदून घेतलं, प्रियंका. अस्तराचे सांधे मी उन्हात बसून तपासले. त्यांनी पोटच्या लेकीला एकदाही 'समजदार' म्हटलं नाही. तू एक शब्द खोटा लिहिलास आणि ते तुझ्यासाठी हुरडा राखून ठेवायचं बोलायला लागले. हुरड्याला अजून चार महिने आहेत.

हे मी लिहिणार नव्हते. राहू दे आता.

मुद्दा असा. मरळ खोडून चिलापी लिही. काकूचं म्हणणं जसंच्या तसं नोंदव. त्यामुळे माझं तळं रिकामं होऊ शकतं, हे मला माहीत आहे. तरी नियमाला माझा विरोध कायम आहे, उलट आता जास्त आहे. मासा माझ्या जाळीतून गेला नाही, काकूच्या कळशीतून गेला. तळी रिकामी करून कळशी थांबत नाही. काकूने हे भर सभेत सांगितलं, कारण तिला त्यात गुन्हा वाटत नाही. उद्या नियम झाला की तीच काकू कळशीवर पदर टाकून नेईल, आणि मासा कुठे पोचला हे तुमच्या खात्याला कधीच कळणार नाही. बंदीऐवजी माणसांना विचारा, समजावा, विहिरी तपासा. बबिताच्या विहिरीतली चिलापी काढायला मी स्वतः जाळं घेऊन जाणार आहे. कुणाच्या हुकुमाने नाही.

हा विरोध खऱ्या नोंदीवर टिकला तर टिकेल. तुझ्या मरळीवर टिकलेला मला नको. तू उपकार म्हणून केलंस, हे कळतं मला. म्हणूनच नको.

सोमवारपर्यंत दुरुस्ती झाली नाही, तर मी कार्यालयात येऊन तसा अर्ज देईन. मग अडचण तुझी होईल. तशी वेळ आणू नकोस. 

मैत्रीण म्हणून काही मागत नाही.

हरकतदार,
अर्पिता

ता. क. तू पुन्हा कधी येणार, असं अण्णा रोज विचारतात. तळ्याचा निकाल द्यायला येईल, एवढंच मी सांगितलं आहे.