जिन्याखालचं माप

अकोला, ३ मे १९३७
काल मुंबईहून घरी पोचलो. कॉलेजचं पहिलं वर्ष संपलं. सुटीतलं काम : राहतं घर मोजून नकाशा काढणे, कुठल्या जागेत काय चालतं ते लिहिणे. सर म्हणाले, भिंती सगळेच काढतात, तुम्ही मधली जागा बघा.
बघितली. घर भरलंय. अक्का पोरांना घेऊन माहेरपणाला आलीय, आमची माडीवरची खोली तिला दिली. रात्री पुरुष गच्चीवर, बायका अंगणात. सौ. दिसली ती ताटं वाढताना, खाली मान घालून. इतक्या महिन्यांनी आलो आणि दोन शब्द बोलायला घरात जागा नाही.

५ मे
फीत एकट्यानं धरता येत नाही. अक्काची पोरं टोक सोडून पळतात. शेवटी आईच वैतागली. "सूनबाई, तूच धर वं ते टोक. नाही तं हा दिवसभर घरात नाचत राहीन."
सौ.नं धरलं. आईसमोर, भर दुपारी! मॅट्रिक झालेली, आकडे चटकन वाचते. "अकरा फूट चार इंच," मोठ्यानं. मग हळूच, "लय वायले तुमी. जेवत नाही का तिकडं?" आकडा पुन्हा विचारावा लागला.

७ मे
ओसरी झाली, माजघर झालं. दिवसाला एकच खोली घेतो. हावरट झालोय.

८ मे
बेरीज जुळेना. बाहेरून घर मोठं, आतून लहान. बाबांना कोर्टाची सुटी, तक्क्याला टेकून हसले. "काहून रे, घर सुजून राहिलं का?" भिंतींची जाडी धरलीच नव्हती. गाढव मी. पण बरं झालं, पुन्हा मोजावं लागणार.

९ मे
जाडी खिडकीतून मोजली. ती आत, मी अंगणात, फीत गजांमधून. दीड फूट. बोटं लागली. तिनं काढली नाहीत, मीही नाही. विचारलं, मुंबईला येशील? म्हणाली, "आधी खोली पाहा. लहान चालते मले. दार पायजे फक्त." तेवढ्यात आई आली.
दिवसभर तीच खोली काढत बसलो. चूल कुठं, दार कोणीकडं. घराचा नकाशा तसाच.

१३ मे
सौ.चा भाऊ अमरावतीहून आलाय. तिच्या बहिणीचं लग्न ठरलं, उद्याच नेणार.
जिन्याखालची जागा मोजायची आहे अजून. मुद्दाम मागं ठेवली होती. आडोशाची, दोघं जेमतेम मावतील. शहाणपणा नडला.

१४ मे
टांगा दाराशी. बाबांच्या पाया पडली, आईच्या पडली. माझ्याकडं न बघता आईलाच म्हणाली, "जिन्याखालचं माप राह्यलं."
"राहू दे बाई. तिथं काय हाय, गवऱ्या."
टांगा मोर्णा नदीकडं वळेपर्यंत दारात उभा होतो. सगळ्यांनी पाहिलं असणार. पाहू दे. दुपारी अक्का म्हणाली, मी धरते टोक. नको म्हटलं.

मुंबई, २८ जून
सरांनी नकाशा पाहिला. जिन्याखाली कोरं का? म्हटलं, मोजायचं राहिलं. घरी पत्र टाक म्हणाले, कोणीही मोजून कळवेल.
नाही टाकलं. ती अजून अमरावतीलाच. बाबांना मुंबईचं विचारायचंय, धीर होत नाही.
संध्याकाळी गिरगावात एक खोली बघून आलो. फीत नेली होती. दुसरं टोक धरायला कोणी नाही. म्हणून नुसतं दार लावून पाहिलं, उघडून पुन्हा लावलं. नीट लागतं.